जाळी, माती आणि पाणी

पेणहून नागोठण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर गडब हे गाव आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या प्रवाशास ते क्षणभर दिसते आणि मागे पडते. हल्ली तर शेजारच्या डोलवी येथील पोलादाच्या कारखान्याकडेच त्याची दृष्टी आधी जाते. परंतु ह्याच पट्ट्यात, रस्त्याच्या पश्चिमेस धरमतरच्या खाडीच्या अंगाला, मनुष्याच्या कारागिरीचे एक जुने व साधे उदाहरण पाहावयास सापडते. भरतीच्या पाण्यापासून भातशेती राखण्याकरिता येथील लोकांनी मातीचे बांध घातले आणि त्या बांधांत ठिकठिकाणी उघाड्या बसविल्या. भरतीचे खारे पाणी बाहेरून दाब देऊ लागले की उघाडीचे दार मिटते. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी त्याच दारास ढकलून बाहेर पडते. सर्वच पाणी अडविणारा बांध पावसाळ्यात शेत बुडवील, आणि सर्वच पाणी सोडणारा बांध हा बांधच नव्हे. काय अडवावे व काय जाऊ द्यावे, एवढ्यातच उघाडीची सारी विद्या साठविलेली आहे. तिचा दुसरा नियम असा की, दाराशी गाळ बसला तर तो लागलीच काढावा. बसून कठीण झालेला गाळ मग सहजासहजी निघत नाही. ही निगा गावाने मिळून राखावयाची रीत पूर्वी ह्या भागात 'जोळ' या नावाने चालत असे. पुढे १९४८ च्या खारभूमीच्या कायद्याने ह्या कामात सरकारचाही हात शिरला.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र शेती हा नव्हे. मातीवर नक्षी उमटविण्याच्या कामी येणारी एक लहानशी जाळी, तिचा इतिहास, तिचा उपयोग आणि तिची धुणावळ, हा आमचा आजचा विषय होय. इंग्रजी नावाने तिला 'सिल्क स्क्रीन' म्हणतात आणि 'पॉलिमर क्ले' नावाच्या एका नव्या, कृत्रिम मातीवर ती विशेष वापरली जाते. इतक्या क्षुल्लक वस्तूस इतिहास तो काय असणार, असे वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यास उघाडी समजली त्यास ही जाळीही समजेल, आणि पेण तालुक्यासारख्या मातीवर जगणाऱ्या प्रदेशाने तिचा विचार का करावा हेही कळून येईल.

गडबच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर पेण शहर आहे आणि पेण म्हटले की गणपती, हे समीकरण महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी आहे. शहरात आणि हमरापूर, जोहे इत्यादी आसपासच्या गावांत वर्षभर मूर्ती घडत असतात. लाखोंच्या संख्येने त्या मुंबई-पुण्यास, परप्रांतांत आणि परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे जातात. घरोघरी गणपती बसविण्याची चाल पुरातन असली तरी १८९३-९४ च्या सुमारास उत्सवास सार्वजनिक रूप आले आणि मूर्तींची मागणी वाढत गेली. त्याच दशकात, १८९४ साली, राजा रविवर्मा यांच्या शिळाछापखान्याने मुंबईत काम सुरू केले. पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेलेल्या ह्या छापखान्याने देवादिकांची रंगीत चित्रे गरिबाच्याही भिंतीवर नेली. म्हणजे एकाच काळात देवाचे रूप दोन वाटांनी घरात शिरले: एक कागदावर छापून आले, दुसरे मातीत घडून आले.

ह्या दोन वाटांचा मिलाफ मात्र झाला नाही. चित्र छापले जाऊ लागले, मूर्ती मात्र हातानेच रंगत राहिली. साच्याने मूर्तीचा आकार हजारपट करता येतो, आणि तो पेणमध्ये केला जातोही. फवाऱ्याच्या यंत्राने अंगाचा रंग झपाट्याने देता येतो. परंतु सोवळ्याचे काठ, शेल्यावरील वेलबुट्टी, मुकुटाची रत्ने आणि शेवटी डोळ्यांची आखणी, ही कुंचल्याशिवाय होत नाहीत. काठावरची तीच ती वेल शेकडो मूर्तींवर रंगविताना कारागिराच्या मनात, ही एकदाच करून ठेवून छापता का येऊ नये, असा प्रश्न आला नसेल काय? आला असला तरी त्याचे उत्तर मूर्तीच्या अंगातच आहे. छाप हा सपाटीचा मित्र आहे आणि गणपती हा नखशिखान्त गोलाईचा देव आहे. शाडूच्या कामात आधी आकार, मग वाळवण, मग पांढरा हात आणि सर्वांच्या शेवटी रंग, असा क्रम असतो. रंगाची पाळी येते तेव्हा सपाट अशी जागा उरलेलीच नसते. ही अडचण लक्षात ठेवून आपण जाळीच्या इतिहासाकडे वळू. ती कोठे सुटली हे पुढे दिसेल.

छिद्रांतून आकृती उतरविण्याची कल्पना आपणांस परकी नाही. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका रांगोळीकरिता ठिपक्यांचा कागद करून ठेवीत. जाड कागदावर समान अंतराने खुणा करावयाच्या, पेटत्या उदबत्तीने त्यांवर भोके पाडावयाची, आणि अंगणात तो कागद पसरून वरून रांगोळी फिरवावयाची. कागद उचलला की खाली ठिपक्यांची रांग उभी! पत्र्याचे कोरीव छापे, भोके पाडलेल्या नळ्या, ही त्याच कल्पनेची पुढची रूपे होत. आपल्याकडील जुने चित्रकारही आकृतीच्या रेषेवर सुईने टोचलेला 'खाका' कागदावर किंवा भिंतीवर ठेवून त्यावरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटीत व रेषा उतरवून घेत. चीनच्या पश्चिम सीमेवरील दुनह्वांग येथील बौद्ध गुहांत असे टोचलेले कागद सापडले आहेत आणि ते सुमारे हजार वर्षांचे आहेत. व्रजभूमीतील सांझीच्या कलेत तर कात्रीने कापलेल्या कागदांतून कृष्णलीलेची सबंध दृश्ये रंगीत पुडीने जमिनीवर उतरवितात.

परंतु कापलेल्या कागदास एक मोठी मर्यादा आहे. ठिपका काढणे सोपे. पण शून्याचे वर्तुळ काढावयाचे झाल्यास काय करावे? वर्तुळाची रेषा कापून काढताच आतील चकती गळून पडते, आणि छाप उमटतो तो वर्तुळाचा नव्हे, भरीव टिकलीचा. म्हणून चकतीस बाहेरच्या कागदाशी जोडणारे एकदोन पूल ठेवावे लागतात आणि ते पूल छापात रेषेच्या खंडाच्या रूपाने दिसतात. गोण्यांवर व खोक्यांवर पत्र्याच्या छाप्याने उमटविलेल्या अक्षरांचे पोट तुटलेले असते ते ह्याच कारणाने. बेट समुद्रात अधांतरी राहत नाही, त्यास खालून आधार हवा. छाप्यातील बेटांस हा आधार कसा द्यावा, हा प्रश्न सोडविण्यात कारागिरांची कित्येक शतके गेली.

त्याचे पहिले सुरेख उत्तर जपानने दिले. तेथे तुतीच्या सालीपासून केलेल्या कागदाचे थर तेंदूसारख्या एका फळाच्या तुरट रसाने एकमेकांस चिकटवून व धुरी देऊन टणक करीत आणि त्यांवर सूक्ष्म नक्षी कोरीत. ह्या छाप्यांस 'कातागामी' म्हणतात. आजच्या सुझुका शहराच्या परिसरातील शिरोको हे त्यांचे प्रसिद्ध ठाणे होय. नाजूक नक्षीतील बेटे हलू नयेत म्हणून कारागीर कागदाच्या दोन थरांमध्ये रेशमाचे बारीक धागे ताणून बसवीत. धागा इतका बारीक की त्याच्या दोहों बाजूंनी सरकणारी खळ त्याच्या खाली एक होऊन जाई आणि छापात त्याची खूणही उरत नसे. तांदळाची ही खळ कापडावर बसली की तेवढ्या जागी रंग धरत नाही. रंगवणी झाल्यावर कापड पाण्यात धुतले म्हणजे खळ निघून जाते आणि नक्षी उघडी पडते. ह्या कलेची अखेरची क्रिया धुणे हीच होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१८५४ नंतर जपानची बंदरे परकीयांस खुली होऊ लागली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे छापे युरोपातील संग्रहालयांत व कारागिरांच्या हाती पोहोचले. तेथे रेशमाची आणखी एक जात पूर्वीपासून तयार होती: गिरण्यांतून मैदा चाळण्याकरिता स्वित्झर्लंडात विणले जाणारे अतिशय सम आणि चिवट कापड. मोजके सुटे धागे ताणण्याऐवजी सबंध कापडच चौकटीवर ताणले, तर प्रत्येक बेटास चारी बाजूंनी आधार मिळतो, हे एकदा सुचले की पुढचे सर्व सोपे होते. मँचेस्टर येथील सॅम्युएल सायमन याने १९०७ मध्ये अशा रेशमी जाळीवरून छपाई करण्याचे पेटंट घेतले. मैद्याची चाळण चित्राची चाळण झाली!

जाळीचे कोणते छिद्र मिटावयाचे आणि कोणते उघडे ठेवावयाचे, हे ठरविण्याचे काम प्रथम हातानेच होई. ते पुढे प्रकाशाकडे आले. १८३९ मध्ये स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यास पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये भिजविलेला कागद उजेडाने बदलतो असे आढळले, आणि १८५२ मध्ये टॉलबट याने ह्या क्षाराने भावित केलेले जिलेटिन उजेडात कठीण होते ह्या गुणाचा छपाईकरिता उपयोग केला. विसाव्या शतकात हाच गुण जाळीस लागू झाला. जाळीवर असा लेप द्यावयाचा, त्यावर काळ्या शाईची आकृती ठेवावयाची आणि वरून उजेड पाडावयाचा. जेथे उजेड लागला तेथे लेप कठीण होऊन छिद्रे मिटतात. काळ्या रेषेच्या सावलीत तो मऊच राहतो आणि पाण्याची धार सोडताच वाहून जातो. म्हणजे ह्या जाळीचा जन्मच मुळी धुण्यातून होतो. उजेड आकृती ठरवितो खरा, पण ती उघडी करते ती पाण्याची धार.

१९३८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सरकारी मदतीने चालणाऱ्या कलाकारांच्या एका विभागात ह्या जाळीने चित्रे छापली जाऊ लागली. १९६२ पासून अँडी वॉरहॉल याने तिला जगभर कीर्ती मिळवून दिली. आपल्याकडे तिचा प्रवास अधिक घरगुती झाला. तालुक्याच्या गावी एका खोलीत, एक चौकट व एक रबरी पाते ह्यांच्या बळावर लग्नपत्रिका, दुकानांच्या पिशव्या आणि पाट्या छापणारे कारखाने उभे राहिले. मराठीत त्यास कोणी 'रेशमी छपाई' म्हटले नाही. 'स्क्रीन प्रिंटिंग' हेच नाव रूढ झाले, आणि ते एका अर्थी योग्यच झाले. कारण रेशमाची जागा मध्यंतरी नायलॉनने व पॉलिएस्टरने घेतली होती. आज 'सिल्क स्क्रीन' ह्या नावात रेशीम आहे, जाळीत नाही.

आता मातीकडे वळू. पॉलिमर क्ले ही नावाने माती, परंतु तिच्यात मातीचा अंश असलाच तर भर म्हणून. पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पाण्याचे नळ ज्याचे करतात तेच द्रव्य, बारीक पुडीच्या रूपाने घेऊन ते एका तेलकट मृदुकारी पदार्थात मळलेले असते. त्यात रंग व भर मिसळलेली असते. हे कठीण द्रव्य मऊ करण्याची युक्ती अमेरिकेतील वॉल्डो सीमन याने १९२६ मध्ये शोधून काढली. पुढे जर्मनीत प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूसे यांची कन्या फिफी रेहबिंडर हिने अशा द्रव्यापासून घरी भाजता येणारी रंगीत माती सिद्ध केली, आणि १९६४ मध्ये तिचे हक्क एबरहार्ड फाबर ह्या पेन्सिलींच्या कारखान्याने घेतले. 'फिमो' हे तिचे नाव तिच्या कर्त्रीच्या लाडक्या नावावरूनच सुरू होते. अमेरिकेत 'स्कल्पी' नावाची अशीच माती त्याच दशकात निघाली. ह्या मातीने दागिने, मणी व लहान वस्तू घडविणाऱ्यांचा वर्ग हळूहळू वाढला, आणि १९९१ मध्ये नॅन रोश हिचे 'द न्यू क्ले' हे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर ह्या कलेस एक प्रकारची शाळा लाभली. आज मुंबई-पुण्याच्या कलासाहित्याच्या दुकानांतही ही माती मिळते.

शाडूत व हिच्यात मूलभूत भेद पाण्याचा आहे. शाडू पाण्याने मळतात. पाणी उडून गेले की ती वाळते, आणि पाणी पुन्हा मिळाले की विरघळते. पॉलिमर क्लेत पाणी नसतेच, म्हणून ती उघड्यावर ठेवली तरी वाळत नाही. सुमारे ११० ते १३० अंश सेल्सियस उष्णता मिळाली म्हणजे तिच्यातील तेलकट पदार्थ पुडीच्या कणांत मुरतो, कण एकजीव होतात व वस्तू कायमची कठीण होते. आता आपण मघाशी बाजूस ठेवलेल्या अडचणीचे उत्तर देऊ शकतो. जी माती वाळण्याची घाई करीत नाही, तिच्या बाबतीत रंग आधी व आकार मागून, असा उलटा क्रम चालतो! पोळी लाटावी तशी तिची सपाट पाटी लाटावी, ती सपाट असतानाच जाळीने नक्षी छापावी, रंग वाळू द्यावा, आणि मग ती पाटी कापून, वाकवून, वळवून हवा तो घाट द्यावा. गोलाई छाप्याची शत्रू खरी, परंतु येथे ती छाप झाल्यावर येते. शाडूच्या मूर्तीच्या अंगावर जाळी कधी चढली नाही आणि पॉलिमर क्लेवर ती सहज नांदली, ह्याचे कारण कारागिराची बुद्धी नव्हे, मातीचा स्वभाव होय.

ह्या कामाकरिता लागणारी जाळी लहान, तळहाताएवढीही चालते, आणि पुष्कळदा तिला चौकटही नसते. जपानमध्ये १९७७ साली नोबोरू हायामा ह्यांनी घरगुती छपाईकरिता 'प्रिंट गोक्को' नावाचे एक चिमुकले यंत्र आणले. छायाचित्रकाराच्या दिव्याच्या एका लखलखाटात ते जाळी तयार करून देई, आणि नववर्षाच्या शुभेच्छापत्रांकरिता ते जपानी घरांत अतिशय लोकप्रिय झाले. मातीवर काम करणाऱ्यांनीही ते उचलले. २००८ मध्ये ते यंत्र बंद पडले. तरी उन्हात किंवा दिव्याखाली घरीच तयार करावयाचे लेपाचे तक्ते व आयत्या जाळ्या मिळत राहिल्या.

छापण्याची रीत थोडक्यात अशी. मातीची पाटी दोन-तीन मिलिमीटर जाडीची, सर्वत्र सारखी असावी. पेणच्या पापडाइतकी पातळ नको. तिच्यावर जाळी ठेवून बोटांनी हलकेच चेपावी म्हणजे मातीच्या अंगच्या चिकटपणाने ती जागच्या जागी बसते. कोठे पोकळी राहिली तर रंग तेथून खाली पसरतो व रेषा फुटते. जाळीच्या एका कडेस दाट अॅक्रिलिक रंगाची पट्टी घालावी आणि प्लॅस्टिकच्या जुन्या पत्त्यासारख्या ताठ पात्याने तो रंग एका दमात, तिरप्या हाताने, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढावा. रंग पातळ नसावा, हात जड नसावा, आणि शक्य तो दुसऱ्यांदा ओढू नये. पहिल्याने राहिलेली उणीव दुसऱ्याने बहुधा वाढते. मग जाळीचा एक कोपरा धरून ती सावकाश सोलून काढावी. नवशिका मनुष्य येथे थांबतो, आपल्या हातून उतरलेली नक्षी पाहून आनंदित होतो, चार जणांस दाखवितो. तेवढ्यात जाळी मेलेली असते.

ती का मरते, हे समजून घेण्यासारखे आहे. अॅक्रिलिक रंग १९५० नंतरच्या दशकात पाण्यात मिसळणाऱ्या रूपात चित्रकारांच्या हाती आला. त्यात राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. जोवर पाणी आहे तोवर ते एकमेकांपासून सुटे असतात आणि साध्या पाण्याने धुतले जातात. पाणी उडाले की ते एकमेकांस भिडतात, दाबले जातात व त्यांचे अखंड पापुद्रे होतात. हा पापुद्रा मग पाण्याशी जुनी ओळख सांगत नाही. जाळीच्या छिद्रांत रंगाचा थर पातळ असतो आणि वारा दोन्ही बाजूंनी लागतो. म्हणून तेथे ही क्रिया पाटीवरील रंगापेक्षाही लवकर, काही मिनिटांतच, पुरी होते. आणि मग जाळीवर लेपाने मिटलेली छिद्रे व रंगाने बुजलेली छिद्रे ह्यांत काही फरक उरत नाही. नक्षी म्हणजे उघडे आणि मिटलेले ह्यांतील भेद. तो भेद गेला की जाळी नुसती भिंत होते.

म्हणून जाणता कारागीर काम आरंभण्यापूर्वीच पसरट भांड्यात गार पाणी भरून जवळ ठेवितो. जाळी मातीवरून निघते ती थेट ह्या पाण्यात जाते. नक्षी मागाहून पाहिली तरी चालते. मग जाळी सपाट तळावर ठेवून, सौम्य साबण लावून, मऊ कुंचल्याने किंवा बोटांच्या पेरांनी दोन्ही अंगांनी हलकेच चोळावी. नखे, घासणी, कढत पाणी ह्यांस तेथे मज्जाव असावा. कारण रंग काढण्याच्या भरात लेपच निघून येतो आणि जाळीची नक्षी कायमची फाटते. ती चुरगळू वा पिळू नये. धुतल्यावर उजेडासमोर धरून पाहावी: प्रत्येक रेषेतून उजेड आरपार आला तर ती स्वच्छ, कोठे सावली दिसली तर तेथे रंग उरला असे समजावे. नंतर दोन जुन्या फडक्यांत टिपून सपाट वाळवावी. वाळलेला रंग अल्कोहोलने कधी कधी मऊ होतो; पण हा उपाय औषधासारखा आहे, अन्नासारखा नव्हे, आणि तो लेपास मानवेलच असे नाही. एवढे सांभाळले तर तीच जाळी पुष्कळ छाप देते.

भट्टीविषयीही दोन शब्द अवश्य आहेत. रंग पुरता वाळल्यावर घाट द्यावा आणि मातीच्या वेष्टनावर सांगितलेल्या उष्णतेतच ती भाजावी. उष्णता फार वाढून माती करपली तर तिच्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो. लाटण्याची व भाजण्याची भांडी स्वयंपाकाच्या भांड्यांपासून निराळी ठेवावीत. ह्या मातीस मऊ करणाऱ्या काही थॅलेट द्रव्यांवर मुलांच्या खेळण्यांत युरोपने २००५ मध्ये व अमेरिकेने २००८ मध्ये निर्बंध घातले. म्हणून माती विकत घेताना ती ह्या द्रव्यांपासून मुक्त आहे की नाही हे पाहणे इष्ट होय.

येथवर धुण्याचा विचार जाळीच्या बाजूने झाला. परंतु धुतलेल्या पाण्याचे पुढे काय होते? भांड्यातील रंगीत पाणी मोरीत ओतले की आपल्या लेखी ते संपते. वस्तुतः राळेचे कण त्यात असतातच आणि ते ओढ्यानदीच्या वाटेने खाडीकडे जातात. भांडे काही काळ स्थिर ठेवून वरचे पाणी निथळावे, तळाचा साका फडक्याने टिपून वाळवावा व कचऱ्यात टाकावा, एवढी काळजी कोणत्याही घरात घेता येण्यासारखी आहे. एका जाळीचे पाणी ओंजळभर असते; पण ओंजळीची खाडी कशी होते हे पेण तालुक्यास तरी सांगावयास नको.

कारण हाच प्रश्न मोठ्या रूपाने त्याच्या दारी उभा आहे. शाडू गुजरातेतून आणावी लागते, ती जड असते, वाळण्यास वेळ घेते व प्रवासात तडकते. म्हणून हलक्या, झटपट व टणक होणाऱ्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती गेल्या काही दशकांत फार वाढल्या. त्या पाण्यात सहजी विरघळत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्तींस मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ह्या सूचना कसोशीने पाळण्यास सांगितले. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये मूर्ती घडविण्यास मोकळीक देऊन नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनाचा प्रश्न निराळा ठेविला. ह्या प्रत्येक निर्णयागणिक हजारो कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न वरखाली झाला. कारखान्यांतून घडण व रंगकाम ह्यांत स्त्रियांचा हात मोठा आहे. साच्यांत गुंतविलेले पैसे एका वर्षात परत येत नाहीत. कारागिरास केवळ दोष देऊन मोकळे होणे हे म्हणून अन्यायाचे होय. त्याने जी वस्तू घेतली ती बाजाराने मागितली होती, आणि बाजार म्हणजे आपणच. परंतु पाण्याचा हिशेबही खोटा नाही. आधी घडवून मग पाण्याचा विचार करणे आणि आधी छापून मग धुण्याचा विचार करणे, ह्यांत फरक प्रमाणाचा आहे, जातीचा नाही.

जाळीने मूर्तिकाराचा हात निरुपयोगी होईल अशी भीती कोणी घेऊ नये. साचा आला, फवारा आला, तरी डोळ्यांची आखणी हातानेच चालली आहे. आणि जेथे सपाट जागा आहे, उदाहरणार्थ मखराच्या फळ्या, प्रभावळी, आसनाच्या पट्ट्या, तेथे जाळीने काठाची तीच ती वेल छापून घेऊन कारागिराने आपला वेळ डोळ्यांकरिता राखून ठेविला तर त्यात कलेची हानी नसून सोयच आहे. घरातील मुलामुलींनी पॉलिमर क्लेचे मणी व पदके करावीत, त्यांवर जाळीने आपली रांगोळी उतरवावी, हेही चांगलेच. मात्र एक विवेक असावा. ही माती टिकण्याकरिता आहे, विसर्जनाकरिता नाही. जी वस्तू वर्षानुवर्षे अंगावर वा कपाटात राहावयाची ती तिची करावी; जी दहा दिवसांनी पाण्यात जावयाची ती पाण्यात विरघळणाऱ्या मातीचीच असावी. प्रत्येक मातीस तिचा धर्म आहे, आणि तो ओळखणे ही कारागिरीची पहिली पायरी होय.

साधनांचा इतिहास आपण बहुधा शोधकांच्या नावांनी लिहितो. प्रस्तुत लेखातही सायमन, टॉलबट, सीमन, हायामा अशी नावे आली आहेत. त्यांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, शोधक साधनास जन्म देतो आणि धुणारा त्यास आयुष्य देतो. रेशमाचे धागे ताणणाऱ्या जपानी कारागिराच्या छाप्यांवरून कोणी तरी रोज खळ धुऊन काढीत होते. पेणच्या कारखान्यात दिवसाच्या अखेरीस कुंचले पाण्यात खळखळून, त्यांची टोके ओठाशी धरल्यासारखी नीट करून ठेवणारे कोणी तरी असते. आणि खाडीच्या बांधावर ओहोटीची वेळ साधून उघाडीचा गाळ काढणारे कोणी तरी होते म्हणूनच आतल्या शेतात भात पिकला. ह्यांपैकी एकाचेही नाव कोणत्याही पेटंटावर नाही.

ह्या सर्वांस एकच गोष्ट ठाऊक होती, आणि ती जाळी हाती घेणाऱ्या आजच्या मुलासही प्रथम शिकवावी: पाण्याची वेळ थोडी असते. ती आहे तोवर काम हलक्या हाताने होते. गेल्यावर बळ लावून काही होत नाही. तेव्हा आधी पाण्याचे भांडे भरून ठेवावे, आणि मग रंगाचे झाकण उघडावे.